यंत्राचं कुंकू

मी वॉर्डात शिरले की गप्पा थांबतात आणि नळ सुरू होतात. तंजावरच्या एका खाजगी इस्पितळात मी इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे. कुणी हात धुतले, कुणी नुसते ओले केले, खाटेचे कठडे पुसले की त्यावरून फडकं फिरवल्यासारखं केलं, हे बघत हिंडायचं, हाच माझा धंदा. मोठमोठे डॉक्टरसुद्धा मला लांबून बघून खिशातली सॅनिटायझरची बाटली चाचपायला लागतात. माझ्यामागे मला काय काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. नळ सुरू झाला, माझं काम झालं.

माझ्या या कामाची सगळ्यात जास्त चेष्टा कोणी केली असेल तर माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं. ब्लीचचं पाणी लावलं की पृष्ठभाग लगेच कोरडा करायचा नाही, ओला राहू द्यायचा, आपोआप वाळू द्यायचा, तेव्हाच जंतू मरतात, हा माझा पहिला धडा. साफसफाईला नवीन बायका आल्या की लखलखीत दिसावं म्हणून मागोमाग कोरडं फडकं मारतात आणि मी ओरडते. अण्णाला हे कळल्यापासून तो घरी येईल त्याला सांगायचा, "आमची ही काय नोकरी करते ठाऊक आहे की? ओलं वाळेपर्यंत बसून बघायचं. अस्का पगार त्याचा!" हसायचाही स्वतःच, सगळ्यांच्या आधी.

आमच्या घरची मराठी ही अशी. 'अस्का' म्हणजे सगळा. पुण्याकडच्या माणसाला ती ऐकायला गंमत वाटते आणि आम्हाला त्यांची. मराठा राजांच्या जुन्या राजवाड्यामागच्या गल्लीत आम्ही पिढ्यानपिढ्या घरात मराठी बोलतो, उंबऱ्याबाहेर तमिळ, आणि भांडण चढत गेलं की दोन्ही. देवनागरी वाचणारी माणसं आमच्यात थोडी उरलीत. अण्णाला येत होती, कारण घरच्या गणपतीची पूजा त्याच्याकडे होती आणि पूजेची पोथी देवनागरीत. मलाही त्यानंच शिकवली. पूजा तो हौसेनं करायचा, फार सोवळंओवळं न करता. रोज सकाळी सहाणेवर चंदन उगाळायचं, देवाला लावायचं, मग उरलेलं स्वतःच्या कपाळाला, आणि पापनाशमची गाडी पकडायची. तिथल्या स्टेशनात तिकीट खिडकीवर त्यानं सगळी नोकरी काढली.

रिटायर झाल्यावर त्याची मूत्रपिंडं निकामी झाली. एक दिवसाआड डायलिसिस आलं, आणि ते आमच्याच इस्पितळात. डायलिसिससाठी हाताची एक शीर शस्त्रक्रियेनं जाड करून घेतात, म्हणजे दर वेळी तिच्यात सुया टोचता येतात. पण ती तयार व्हायला काही आठवडे जातात. तोवर मानेखाली छातीत एक नळी बसवतात. तिचं एक टोक बाहेर, दुसरं थेट काळजापाशी. रक्त ज्या वाटेनं बाहेर येतं त्याच वाटेनं जंतू आत जाऊ शकतात. अण्णाची उजवीकडची नळी आधीच बंद पडली होती. डावीकडे दुसरी बसवली होती. तीही गेली तर नवी बसवायला धड जागा उरणार नव्हती, आणि हाताची शीर अजून कच्ची होती. डॉक्टरांनी हे मला बाजूला घेऊन सांगितलं, नर्सला सांगतात तसं, काही न झाकता. मी मान हलवली आणि बाथरूममध्ये जाऊन खूप वेळ हात धुतले.

त्या सुमारास आयुधपूजा आली. महाराष्ट्रात खंडेनवमीला शस्त्रं पुजतात तसंच हे, फक्त आमच्या मुलखात याचा थाट फार मोठा. बसला हार, सायकलला हार, दुकानातल्या वजनकाट्याला, शिलाईच्या मशीनला, कोर्टातल्या टाइपरायटरला, सगळ्याला चंदनकुंकवाचा टिळा. तमिळमध्ये त्याला पोट्टु म्हणतात. आमच्या डायलिसिस युनिटातही सकाळची पाळी सुरू व्हायच्या आधी पूजा झाली. मोठ्या टेक्निशियननं गुलाबपाण्यात कालवलेलं चंदन एका वाटीत घेतलं आणि एकेका यंत्राच्या तोंडावर बोटानं लावत गेला. त्यावर कुंकू. कापूर फक्त दाराबाहेर, त्याची ताकीद मी आधीच दिली होती. मग चुरमुरे, गूळ आणि हरभऱ्याचं सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली कोरडी उसळ, वाटलं. अण्णाला हरभरे वर्ज्य होते. त्यानं मी पाठ फिरवल्याबरोबर शेजाऱ्याच्या द्रोणातले उचलले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत डायलिसिस चालू असताना त्याला थंडी वाजून ताप भरला. पांघरुणावर पांघरुणं घातली तरी खुर्ची खडखडत होती. रक्त तपासायला पाठवलं, त्यात जंतू वाढला. औषधं दिली, ताप गेला. पुन्हा आला. आणखी एका पेशंटलाही तसाच आला. डॉक्टर म्हणाले, आता परत आला तर नळी काढावी लागेल.

मग मी युनिट उलटं-पालटं केलं. पाण्याचे नमुने घेतले. ब्लीच किती पातळ करतात ते समोर उभं राहून पाहिलं. नर्सा नळी कशी उघडतात, टोपण कुठे ठेवतात, हातमोजे कधी बदलतात, सगळं बघितलं. एकीला हातमोज्यांवरून इतकं बोलले की ती रडली. साफसफाई करणारी बाई ओरत्तनाडूकडून बसनं यायची, वेणीत रोज ताजी कनकांबराची, म्हणजे अबोलीची फुलं, आणि कामाला अशी चोख की खुर्चीच्या चाकांमधले केससुद्धा काढायची. तिच्यात खोट काढायला मी दोनदा अचानक गेले आणि दोन्ही वेळा हात हलवत परत आले. कुठे काही सापडेना. मला खरं तर राग येत नव्हता, भीती वाटत होती. पण भीती वाटली की मी रागावते, हे अण्णाला लहानपणापासून माहीत होतं.

एक दिवस दुपारी मी त्याच्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसले. तो यंत्राला जोडलेला, डोळे मिटून. शेजारचा पेशंट त्याच्याआधी सुटायचा, तो नुकताच गेला होता, आणि ती बाई त्याचं यंत्र पुसत होती. अण्णानं एक डोळा उघडला.

"अगे, तुझी ही बाई बरी भाविक आहे," तो म्हणाला. "रोज मशीनास प्रदक्षिणा घालते."

"काय?"

"बघ की. मी चार तास दुसरं काय करतों? हेच बघतों."

मी बघितलं. फडकं यंत्राच्या माथ्यावरून खाली आलं, बाजूनं गेलं, पुढच्या पट्टीवर आलं. आणि चंदनाच्या पोट्टूपाशी पोचल्यावर त्याला हळूच वळसा घालून पुढे गेलं. नंतर खालून पुन्हा वळसा. पोट्टु जागच्या जागी.

मी मान वळवून अण्णाच्या यंत्राकडे पाहिलं. तिथेही होता. पूजेच्या दिवशीचा ओला पिवळा ठिपका आता मातकट झाला होता, त्याला भेगा पडल्या होत्या, कुंकू काळपट. आणि होता कुठे, तर धोक्याचा भोंगा बंद करायच्या बटणाला लागून. डायलिसिसचं यंत्र हजारदा कोकलतं. प्रत्येक वेळी नर्सचं बोट तिथे जातं. तेच बोट मग पेशंटच्या नळीला लागतं. ब्लीच आधी समोर येईल त्या मळाशी झुंजतं आणि तिथेच त्याचा जोर संपतो. वाळल्या चंदनाच्या भेगांत जंतूंना ते शिवलंही नसतं. आणि इथे तर ते त्याच्या जवळूनसुद्धा जात नव्हतं. एकाच वाटीतलं चंदन, एकच बोट, सगळी यंत्रं.

आधी मी स्वॅब घेतला. मग त्या बाईला हाक मारली आणि पोट्टूकडे बोट दाखवून म्हटलं, "हे पूस."

ती दोन पावलं मागे सरकली. "सिस्टर, सामी पोट्टु," ती म्हणाली. देवाचा टिळा.

"दिसतंय मला. पूस."

"नाही सिस्टर. बाकी काय सांगाल ते करते."

मी भडकले. एवढे दिवस मी पाण्याचे पाइप हुंगत फिरतेय, आणि हे इथे सगळ्यांच्या नाकासमोर! मी तमिळमध्ये आणि चढत्या आवाजात तिला जंतू, नळी, ताप, माणसं मरतात, सगळं ऐकवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण फडकं तिनं खाली धरलेलंच होतं.

"इतक्या माणसांचा जीव या मशीनवर आहे," ती म्हणाली. "तिचं कुंकू मी पुसू? माझ्या हातानं? मग कुणाला काही झालं तर?"

मी फडकं तिच्या हातातून घेतलं. वहिनी काचेच्या दाराबाहेर बाकावर बसली होती, तिचं कपाळ मला दिसत होतं, भलं मोठं कुंकू लावलेलं. आतल्या यंत्राला तिचा नवरा जोडलेला. आणि मी, त्याची सख्खी बहीण, त्या यंत्राचं कुंकू पुसायला निघाले होते. हे असलं काही मी मानत नाही असं मी जन्मभर सांगत आले, पण हात काही केल्या पुढे जाईना. युनिटातल्या सगळ्या नर्सा बघत होत्या. त्यांच्यातही एकीनं पुढे येऊन फडकं मागितलं नाही.

तेवढ्यात अण्णा खुर्चीतून हसायला लागला. नळी लावलेला माणूस हसला की यंत्र कोकलतं, तसं ते कोकललं.

"दसरा होऊन किती दिवस झाले," तो म्हणाला, "अत्तापर्यंत देवास ड्यूटीवर ठेवलंत! आमच्या रेल्वेत पण असं करत नाहीत. अगे, उत्तरपूजा कर की."

मला क्षणभर कळलंच नाही, मग कळलं. घरोघरी पूजा करतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा छोटी पूजा करून पुस्तकं, अवजारं हलवतात आणि कामाला लावतात. पण डायलिसिसला सुट्टी कुठली? टिळे लावले आणि तासाभरात यंत्रं सुरू झाली होती. देवाला बोलावलं होतं सगळ्यांनी, पण परत कोणी पाठवलंच नव्हतं. आमच्या गणपतीला आम्ही अक्षता वाहतो, मूर्ती जराशी जागची हलवतो, पुन्हा ये म्हणून निरोप देतो, आणि मग ती पाण्यात सोडताना कुणाचा हात अडत नाही.

अण्णानं त्या बाईला हे तमिळमध्ये समजावून सांगितलं, तिकीट खिडकीवर म्हाताऱ्यांना गाडी कुठे बदलायची ते सांगायचा त्याच आवाजात. तिनं मध्येच विचारलं, "देव रागावणार नाहीत ना?" तो म्हणाला, "सांगून पाठवल्यावर कोण रागावतं?" हे तिला पटलं. तीच पळत कँटीनमध्ये गेली आणि मूठभर तांदूळ आणि हळद घेऊन आली.

"युनिटात तांदूळ उधळायचे नाहीत," मी म्हटलं. "जमिनीवर एक दाणा दिसला तर बघा."

"बरं, सरकार," अण्णा म्हणाला.

त्याचं डायलिसिस संपलं, नळी बंद करून वर पट्टी चिकटवली, त्याला चाकाच्या खुर्चीत बसवलं. एवढं झाल्यावर त्याच्यात बोलायचंही त्राण नसायचं, घरी नेलं की थेट झोपायचा. पण त्या दिवशी ताठ बसला. हात आधी साबणानं धुतले, माझ्याकडे बघत, मुद्दाम लांबवत. मी स्टीलचा ट्रे यंत्राखाली धरला. त्यानं अक्षता वाहिल्या, त्या ट्रेमध्ये पडल्या. मग यंत्राच्या मुठीला हात घालून ते चाकांवर बोटभर पुढे सरकवलं आणि स्पष्ट म्हटलं, "पुनरागमनाय च." आणि त्या बाईकडे वळून, "सामी निघाले. पुढल्या वर्षी येतील."

तिनं हात जोडले. मग साबणाचं फडकं घेतलं आणि पोट्टु पुसला. एकदाच हात फिरवावा लागला. खाली प्लास्टिक पांढरंशुभ्र निघालं, आजूबाजूच्यापेक्षा नवं. मग ब्लीचचं फडकं. ते फिरवून ती थांबली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "वाळू दे आता आपोआप." अण्णा म्हणाला, "बसा, बसा. पगार चालू झाला." नंतर मोकळी असतील त्या त्या यंत्रांपाशी त्यानं स्वतःला ढकलत न्यायला लावलं. उरलेल्यांची पाळी दुसऱ्या दिवशी, तेव्हा अक्षता त्या बाईनंच वाहिल्या.

स्वॅबचा निकाल आला. पोट्टूत वाढलेला जंतू आणि अण्णाच्या रक्तातला जंतू एकाच जातीचे होते, त्याच त्याच औषधांना न जुमानणारे. तो तिथूनच आला असं मी शपथेवर सांगणार नाही, कारण तो उलट पेशंटच्या अंगावरून पोट्टूत गेला असेल, आणि जंतू आपला प्रवास कुणाला सांगत नाहीत. पण ताप परत आला नाही. नळी टिकली. हाताची शीर हळूहळू फुगली, तिला कानाशी धरलं की आतून घरघर ऐकू यायची. अण्णा भेटेल त्याला ती ऐकवायचा. मग एक दिवस छातीतली नळी काढली, तेव्हा मी युनिटाबाहेर येऊन वहिनीच्या शेजारी बसले आणि दोघी रडलो.

त्यानंतर आयुधपूजेला युनिटात नवा रिवाज पडला. टिळा यंत्राला लागत नाही, दाराच्या चौकटीला लागतो, आणि संध्याकाळची पाळी संपली की उत्तरपूजा होते. तिथल्या तमिळ पोरी 'पुनरागमनाय च' इतक्या ठसक्यात म्हणतात की आमच्या गल्लीतल्या मुलांनी लाजावं. अण्णा असेपर्यंत त्या दिवशी खुर्चीतून देखरेख करायचा. सुंडल तेव्हाही चोरायचा.

तो गेला तो जंतूंनी नाही. एका सकाळी पूजा झाली, कॉफी मागितली, आणि वहिनी कॉफी घेऊन आली तोवर तो खुर्चीतच गेलेला होता. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. इतकी वर्षं मी ज्या वाटेवर पहारा देत होते, त्या वाटेनं मरण आलंच नाही, आणि याचं समाधान मानावं की चिडावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सुतकात देवाची पूजा बंद असते. देवघर होतं तसं राहिलं. तेरावा उरकल्यावर वहिनी म्हणाली, "वन्सं, देवाची भांडी तुम्हीच घासा. माझ्यानं होत नाही." मी अंगणातल्या नळापाशी सगळं घेऊन बसले. समई, ताम्हन, पळी, घंटा, सगळं चिंचेनं लख्ख केलं. देवांचा पाट धुतला. एक एक वस्तू उचलत होते, घासत होते, उपडी घालत होते. खूप वेळानं माझ्या लक्षात आलं की सगळं झालंय आणि मध्ये सहाण तशीच आहे. मी तिच्याभोवतीच हात फिरवत होते.

सहाणेवर त्या सकाळचं चंदन होतं. वाळून मातकट झालेलं, भेगा पडलेलं. त्यात अण्णाच्या बोटाचा ठसा होता, शेवटचं चंदन उचलून कपाळाला लावलं असेल त्याचा. मी चोथा उचलला, पाणी घेतलं. हात सहाणेपाशी गेला आणि पुन्हा वळसा घालून बाजूला आला.

वहिनी पायरीवर बसून बघत होती. मी तिला म्हटलं, "थोडे तांदूळ आणतेस?" ती उठली. आत जाऊन हळद लावलेले चार दाणे आणून माझ्या तळहातावर ठेवले. मी ते सहाणेवर वाहिले. बोटानं सहाण जराशी पुढे सरकवली. दगड जड होता, खरखरत सरकला. मग ते दोन शब्द म्हणायचे होते. पुन्हा येण्यासाठी. गणपतीला म्हणताना कधी विचार केला नव्हता. मी म्हटले, आणि तिथेच नळापाशी बसून मोठमोठ्यानं रडले, गल्लीत ऐकू जाईल इतकं.

मग सहाण धुतली. एकदाच हात फिरवावा लागला. वहिनीनं कोरडं फडकं पुढे केलं, ते मी घेतलं नाही. सहाण उन्हात ठेवली आणि ती वाळेपर्यंत बसून राहिले.